नाड्यावरची जागा

कोल्हापुरात माझं जुन्या इलेक्ट्रिक मोटारींचं आणि पंपांचं दुकान आहे. कुणी गाव विचारलं तर मी कोल्हापूर सांगतो. ते खोटं नाही. पण मी वाढलो तो कुरुंदवाडच्या अलीकडे, पंचगंगेच्या काठावरच्या एका जॅकवेलच्या खोलीत. जॅकवेल म्हणजे नदीच्या अगदी कडेला बांधलेली खोल विहीर. नदीचं पाणी खालून तिच्यात शिरतं, आणि आत लोखंडी तुळयांवर बसवलेली मोटार ते उपसून गावाच्या टाकीत आणि शेतांच्या पाटात चढवते. गाव उंचावर, जॅकवेल खाली, मध्ये ऊस. ऊस वाढला की गावाचं एक कौलही दिसायचं नाही. मोटार चालू असली की खोलीच्या भिंती बारीक थरथरायच्या, ताटातल्या आमटीवरही लाटा उठायच्या. वीज गेली की इतकं शांत व्हायचं की माझी आई, अव्वा, उगाचच भांडी वाजवायची.

अप्पा, माझे वडील, कर्नाटकच्या सीमेपलीकडून आलेले, विहीर खोदणाऱ्या टोळीबरोबर. काम संपलं, टोळी गेली. मोटार चालू-बंद करायला आणि राखायला कुणीतरी हवं होतं म्हणून अप्पा राहिले. आमच्याकडं परक्या माणसाला 'पावणं' म्हणतात. स्टँडवर पत्ता विचारणारा अनोळखी माणूसही पावणंच. अप्पांना गाव पहिल्या दिवशी पावणं म्हणालं, आणि त्यांना स्मशानात पोचवायला आलं त्या दिवशीही म्हणत होतं, "पावणं लई सरळ माणूस."

पावसाळ्यात नदी फुगली की जॅकवेलमध्ये पाणी वरूनही येतं. मोटार बुडाली तर तिची कॉइल भिजते, आणि मग चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेलं गाव घोटभर पाण्याला महाग होतं. म्हणून नदी घाटाच्या ठरलेल्या पायरीला लागली की मोटार वर ओढून काढायची. विहिरीवर लोखंडी चौकट, चौकटीला कप्पी, कप्पीवरून काथ्याचा मनगटाएवढा जाड दोर. गावात त्याला नाडा म्हणतात. नाड्याचं एक टोक मोटारीला, आणि दुसऱ्या बाजूला गाव. घरटी एक माणूस आलाच पाहिजे अशी रीत. नाड्यावर अंतराअंतरानं चिंध्या बांधलेल्या असत. लाल चिंधी वरच्या गल्लीची, हिरवी वेशीकडच्यांची, पिवळी घाटाकडच्यांची. त्या त्या जागेला 'हात' म्हणत. "आमचा हात लाल चिंधीवर," असं लोक सांगायचे, सोयरीक जुळवताना घराणं सांगावं तसं. भावापासून वेगळा झालेला माणूस पहिल्यांदा स्वतःच्या घरातर्फे नाड्याला लागायचा तेव्हा त्याच्या कपाळाला गुलाल लावत. मगच ते घर गावात धरलं जायचं.

आमचं घर कुठल्याच गल्लीत नव्हतं.

पाणी चढतंय हे सगळ्यांत आधी अप्पांना कळायचं. ते चिखल तुडवत वर जायचे आणि गल्लीगल्लीच्या तोंडाशी उभं राहून हाळी द्यायचे. माणसं यायची, आपापल्या चिंधीला लागायची. मोटार तुळईला घासू नये म्हणून अप्पा विहिरीच्या काठावरून "सावकाश... डावीकडं घ्या" असं सांगत राहायचे. अव्वा चहा करायची. सगळे आमच्या कपांतून चहा प्यायचे, अव्वाची चौकशी करायचे, जायचे. कुणी वाईट वागलं असं मला म्हणता येणार नाही. तेच तर अवघड होतं. एका वर्षी, मला मिसरूड फुटलं होतं, मी नाड्याच्या मोकळ्या टोकाला हात घातला. पुढचा माणूस मागं वळला आणि मायेनं म्हणाला, "पावण्याच्या पोरा, हो बाजूला. बोटं सापडतील." मी बाजूला झालो. त्यानं शिवी दिली असती तर मी ती फेडली असती आणि विसरलो असतो.

पुढं मी कोल्हापुरात आलो, एका वर्कशॉपमध्ये मोटारी भरायला शिकलो. जळालेली कॉइल काढायची, नवी तार गुंडाळायची, पांढऱ्या सुती पट्टीनं करकचून बांधायची, वार्निश पाजायचं. हाताखाली राहणं माझ्या स्वभावात नव्हतं. मालकाशी भांडून बाहेर पडलो, भंगारातून मेलेल्या मोटारी उचलून जिवंत करून विकू लागलो. मुरगूड-कागलपासून गिऱ्हाईक यायचं. भाव करण्यात मला कुणी हरवलेलं नाही. माझं डोकं लवकर तापतं हे गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. मी पान्हा आपटून "उठा, माल द्यायचा न्हाय" म्हणालो की ते चौकापर्यंत जाऊन परत यायचे. मग व्यवहार व्हायचा.

अप्पा त्या खोलीतच गेले. अव्वाला मी कोल्हापुरात आणलं. तिला झोप लागायची नाही. "भिंती हलत न्हाईत रे इथल्या," म्हणायची. तीही गेली. जॅकवेलवर गावातला माणूस नेमला गेला, आमच्या खोलीला कुलूप लागलं, आणि त्या गावात जायला मला काही कारण उरलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गावची मोटार जळाली. पाणी संस्थेचे चेअरमन आणि दोन सदस्य दुकानात आले. चेअरमन म्हणजे पांढरी टोपी, हळू आवाज, समोरच्याला बोलू देणारा माणूस. असे लोक सौद्यात धोकादायक असतात.

"पावणं, एक दमदार मोटार दावा," ते म्हणाले. "नदीवरची हाय. फसवू नका."

"मला वळखलं न्हाय?"

त्यांनी चष्मा वर केला. "आरं, जॅकवेलवरल्या पावण्याचा तू!" मग त्यांची नजर दुकानभर फिरली, वरच्या पाटीवर गेली, आणि ते सावकाश म्हणाले, "लई मोठं केलासा की तुमी."

सौदा दोन चहांएवढा चालला. मी एकदा चिडून त्यांना उठवलं. ते चौकापर्यंत जाऊन आले. शेवटी मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल त्या भावानं देतो. एक अट हाय."

"बोला."

"नाड्यावर हात पायजे. आमच्या घराचा."

एक सदस्य हसला. "पावणं, कोल्हापुरातनं नाडा वडाय येणार? मोटारीपेक्षा पेट्रोल महाग पडंल."

"ते माझं मी बघतो."

"पर तुमी धरणार कुटं? तुमची गल्ली कंची?" दुसऱ्यानं विचारलं.

"गल्ली नको. शेवटचं टोक द्या. सगळ्यांच्या मागं."

चेअरमननी बशीतला चहा संपवला, बशी पालथी घातली. "दिला. देवळात बसून समद्यांला सांगतो. पर एवढा हात दिला, तर आमच्या पदरात बी कायतरी टाका की वरनं."

"काय पायजे?"

त्यांनी छताकडं बोट केलं. तिथं चेनब्लॉक टांगला होता. साखळ्यांची कप्पी असते ती. तिची एक साखळी ओढत राहिलं की एकटा माणूसही जड मोटार सहज उचलतो. "ते काय हाय, ते."

"न्या," मी म्हणालो. त्या क्षणी त्यांनी दुकानाची पाटी मागितली असती तरी मी काढून दिली असती.

मोटार पोचवायला मी स्वतः गेलो. नाडा देवळात, खुंटीवर वेटोळं करून ठेवलेला असतो. मी शेवटच्या टोकाला आपल्या धंद्यातली पांढरी सुती पट्टी बांधली, कॉइलला बांधतो तशी, घट्ट, पदरावर पदर. चेअरमननी नारळ फोडला. "आजपास्नं ह्यो पावण्यांचा हात," असं सगळ्यांना सांगितलं. एकजण म्हणाला, "आता पावणं म्हणाय येत न्हाय मग." त्यावर दुसरा म्हणाला, "मग काय म्हणायचं?" आणि सगळे हसले, मीही हसलो. गुलाल मात्र लावला नाही. तो मोटार ओढताना लावतात.

पावसाळा आला. नदी फुगल्याच्या बातम्या यायला लागल्या तशी मी जीपमध्ये जुने कपडे टाकून ठेवले. फोन येईना. शेवटी मीच केला.

"मोटार व्हय?" चेअरमन म्हणाले. "ती काढली की परवाच. तुमच्या चेनब्लॉकनं. दोगंच हुते, चहा गार व्हायच्या आत मोटार वर. लई ब्येस चीज दिलीसा."

मी विचारलं, "आणि नाडा?"

"नाडा हाय की देवळात. त्येला आता कोन हात लावतंय."

मी फोन आपटला. समोर उभं असलेलं गिऱ्हाईक काही न घेता निघून गेलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "चेनब्लॉक तुम्हीच दिला ना?" मी तिच्यावरही ओरडलो. दिला मीच, पण मागितला कुणी? ज्या माणसानं आयुष्यभर मोटार ओढताना पाहिली, त्याला चेनब्लॉक आला की नाडा गेला हे कळत नव्हतं? एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं छतावरचं काढून न्यायचं. मी आयुष्यात एवढा स्वच्छ फसवणुकीचा सौदा पाहिला नाही, आणि तो माझ्याच दुकानात, माझ्याच चहावर झाला होता. त्यांनी जाणूनबुजून केलं असं मी तेव्हाही म्हणत होतो.

त्यानंतर कितीतरी पावसाळे गेले. मी गावाकडं फिरकलो नाही. संस्थेचा माणूस सुटे भाग न्यायला यायचा, त्याला मी इतरांपेक्षा जास्त भाव सांगायचो आणि एक पैसा सोडायचो नाही. कॉलनीत घर बांधलं. तिथं मला सगळे शेट म्हणतात. गणपतीत वर्गणीला पहिलं माझ्याकडं येतात, आणि पावती फाडून झाली की पुढच्या घरी जातात. पाऊस लागला, दुकानाच्या पत्र्यावर वाजू लागला की मी हातातलं काम ठेवायचो. नदीकाठच्या कितीतरी गावांतून त्या दिवसांत मोटारी उचलत असतील, तुळया वाजत असतील, कुणीतरी "सावकाश, डावीकडं" म्हणत असेल. मुलांना हे सांगायला जावं तर ती म्हणायची, "बाबा, पंपच ना तो?" पंपच होता. पण खोलीची भिंत ज्याच्यामुळं हलायची तो पंप होता, हे त्यांना कसं सांगणार?

मग तो मोठ्या पुराचा पावसाळा आला. कोल्हापुरातच पाणी घरांत शिरलं होतं. सकाळी दुकानातला माल माळ्यावर चढवत होतो तेव्हा मोबाइल वाजला. चेअरमनचा आवाज आता म्हातारा झाला होता.

"चेनब्लॉक अडकलाय. गंजलाय आतनं, साखळीच फिरंना. पाणी पायरीवर गेलंय. नाडा काढतोय देवळातला. तुमी येताय न्हवं?"

मी फोन खिशात टाकला. मदतीला आलेली बायको माळ्याच्या जिन्यावर उभी होती. मी जीपची किल्ली घेतली. ती म्हणाली, "दुकानात पाणी येतंय."

"येऊ दे," मी म्हणालो.

जवळचे रस्ते बंद होते. मी लांबच्या वाटेनं, माळावरून, गाड्या परत फिरवणाऱ्या लोकांशी भांडत गेलो. गावाच्या अलीकडं रस्ता उतरतो, तिथं तो पाण्यात गेला होता. पलीकडं पुन्हा वर येऊन गावात शिरलेला दिसत होता. मध्ये नदी होती आणि सखल भागातला ऊस बुडाला होता. म्हणूनच मी त्या दिवशी पहिल्यांदा त्या उतारावरून एका नजरेत सगळं पाहिलं: देऊळ, टाकी, आणि खाली पाण्याच्या तोंडाशी जॅकवेलची लोखंडी चौकट.

फोन लावला. "कुटं हाय तुमी?" चेअरमननी विचारलं.

"रस्त्याच्या टोकाला. पाणी हाय मधी."

मागं माणसांचा गलका ऐकू येत होता. "मग आमी वडतो," ते म्हणाले. "पाणी थांबत न्हाय."

मी म्हणालो, "वडा." दुसरं काय म्हणणार? एवढी वर्षं मी भाव केला, पण नदीशी करायला माझ्याजवळ काही नव्हतं.

पाण्याच्या कडेला एक माणूस आपल्या म्हशी घेऊन उभा होता. त्यानं विचारलं, "पावणं, गाव कंचं?"

मी पलीकडं बोट केलं. "ते."

"मग तिकडं का न्हाईसा?"

"पाणी हाय की मधी," मी पुन्हा तेच म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि म्हशींकडं वळला. पलीकडं माणसं चौकटीपासून चढावावर एका ओळीत उभी राहिली. इतक्या लांबून चिंध्या दिसत नव्हत्या, नाडाही दिसत नव्हता. ओळ तेवढी दिसत होती. ती मागं झुकायची, थांबायची, परत झुकायची. वारा आला की आरोळी ऐकू यायची, पडला की काही नाही. शेवटच्या टोकाला कुणी होतं का, हे मी डोळे ताणून पाहत होतो. कळत नव्हतं. मग ओळ विस्कटली आणि माणसं चौकटीकडं धावली, त्यावरून मोटार वर आली हे कळलं. मी म्हशीवाल्याला म्हणालो, "निघाली." तो म्हणाला, "काय?" मी जीपकडं वळलो.

काही आठवड्यांनी पूर ओसरला. नदीकाठच्या बऱ्याच गावांच्या मोटारी बुडाल्या होत्या. माझ्या दुकानात भिजलेल्या मोटारींची रांग लागली होती आणि मी कुणाशीही भाव न करता कामं घेत होतो. आमच्या गावची मोटार कोरडी होती. तारा जोडल्या, वीज आली, आणि टाकी भरली. शेजारच्या गावांतली माणसं घागरी घेऊन तिथं पाण्याला येत होती असं ऐकलं. ते ऐकून मी गेलो.

चेअरमन देवळाच्या पायरीवर बसले होते. टोपी होती, आवाज पूर्वीपेक्षाही हळू झाला होता. "तुमचा हात मोकळा सोडला हुता," ते म्हणाले. "एकजण धराय गेला. म्हटलं, ऱ्हाऊ दे, त्यो पावण्यांचा हाय."

हे खरं होतं की पुढच्या मोटारीचा भाव कमी करून घ्यायचा होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. भल्याभल्यांचे चेहरे वाचले, त्यांचा कधी वाचता आला नाही. मी आत गेलो. नाडा खुंटीवर होता. जुना माल तपासताना बघतो तसा मी तो वेटोळ्यातून काढत, उजेडाकडं धरून, हातभर हातभर बघत गेलो. नदीचा गाळ त्याच्यावर वाळून त्याचे पापुद्रे झाले होते. लाल, हिरवी, पिवळी, सगळ्या चिंध्या एकाच मातीच्या रंगाच्या झाल्या होत्या. कुठं कुठं बोटांचे ठसे तसेच राहिले होते. ते माझ्या हाताखालून जात राहिले, संपत आले, आणि टोकाला माझी पट्टी आली. वर्षांनी थोडी पिवळट झालेली. तिच्यावर गाळ नव्हता. तिच्यामागं उरलेला दोरही कोरडा आणि स्वच्छ होता.

मी ती पट्टी दोन्ही हातांनी धरून तिथं उभा राहिलो. चेअरमन खोटं बोलले नव्हते. जागा माझीच होती, कुणी घेतली नव्हती. आणि तिच्यावाचून मोटार वर आली होती.

बाहेर आलो तेव्हा मी विचारलं, "वडाय माणसं कमी पडली न्हाईत?"

"न्हाय की," ते म्हणाले. "निघाली." मग माझ्याकडं न बघता त्यांनी पायरीवरच्या पोत्याकडं बोट केलं. "त्यो चेनब्लॉक हाय त्यात. बगा जरा. साखळीचं चाक गेलंय म्हणं आतलं. तेवढं घालून द्या, म्हंजे फुडच्या साली लोकांला तरास नको."

मी पोतं उघडलं. चाक खरंच गेलं होतं. तसली दोन चाकं माझ्या दुकानात मागच्या फळीवर पडलेली होती, पुरात मी ती माळ्यावर टाकली होती.

"ह्याचा भाग आता मिळत न्हाय," मी म्हणालो. "कंपनीनं बंद केलाय."

चेअरमननी चष्मा वर केला आणि माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

"नवा घ्यायचा म्हटलं तर?"

"नव्यात दम नसतो. तुम्हाला मी देणार न्हाय."

"व्हय," ते सावकाश म्हणाले. "जुना माल हाय. न्हाय मिळायचा." त्यांनी पोत्याचं तोंड स्वतःच बांधलं आणि ते पायानं बाजूला सारलं. "मग नाडा धुवून वाळत टाकाय पायजे. कुजंल न्हायतर."

आम्ही दोघांनी तो बाहेर काढला. त्यांनी मोटारीकडचं टोक धरलं, मी माझं.